दुसरं मॅन्डोलिन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं मॅन्डोलिन बहुतेकांचं एकाच घडणीचं असतं. प्लायवुडचं अंग, त्यावर जाड पॉलिश, पत्र्याचा टेलपीस (अंगाच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी) आणि बोटं सोलून काढतील इतक्या उंच तारा. वर्ष-दोन वर्षं सराव झाला की हाताला जे जमायला लागलेलं असतं ते त्या वाद्यातून निघत नाही. खालची उत्तरं त्या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी आहेत. इथे मॅन्डोलिन म्हणजे आठ तारांचं, चार जोड्यांचं, व्हायोलिनसारखं जी-डी-ए-ई लावलेलं वाद्य.

वाद्य अपुरं पडतंय की माझाच हात कच्चा आहे, हे कसं ओळखू?

आधी दोन स्वस्त गोष्टी बदला: तारा आणि प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी चकती. सहा महिने जुन्या, काळ्या पडलेल्या तारांवरून कुठल्याही वाद्याचा निकाल लावू नये. नवशिक्यांच्या हातात बहुधा ०.५ ते ०.७ मिलिमीटरचा लवचिक प्लेक्ट्रम असतो. त्याने दोन तारांची जोडी नीट हलतच नाही आणि आवाज किरकिरा, पातळ येतो. १.२ ते १.५ मिलिमीटरचा, न वाकणारा, गोलसर टोकाचा प्लेक्ट्रम आठवडाभर वापरून पाहा. ज्याला वाद्याचा दोष समजत होता त्यातला बराचसा भाग इथेच संपतो.

त्यानंतर तीन गोष्टी तपासा. जी-तार अगदी हळू छेडा, मग मध्यम, मग जोरात. चांगल्या वाद्यात आवाज मोठा होत जातो. कमअस्सल वाद्यात एका मर्यादेनंतर तो मोठा न होता नुसता फाटतो. दुसरं, ई-तारेवर दहा मिनिटं ट्रेमोलो (एकच स्वर भराभर छेडत लांबवणं) वाजवा आणि सूर पुन्हा तपासा. दर वेळी जोडीतली एक तार उतरत असेल तर खुंट्या किंवा नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा वाईट आहेत. तिसरं, बाराव्या पडद्याच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वरचे स्वर ऐका. ते ठोकळ्यासारखे, न लांबणारे येत असतील तर तबलीच, म्हणजे अंगाची वरची फळी, हलत नाही, आणि ते सरावाने सुधारणार नाही.

नवीन घेण्याआधी जुन्याचंच सेटिंग (दांडी, नट, घोडी नीट बसवणं) करून घ्यावं का?

हो, आणि या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण सेटिंग न केलेलं महागडं मॅन्डोलिन हे नीट सेटिंग केलेल्या साध्या मॅन्डोलिनपेक्षा वाजवायला वाईट असतं. शिवाय हे शिकलात की दुकानात वाद्य पारखणं सोपं जातं. स्टीलची पट्टी, ट्यूनर आणि चांगला उजेड एवढंच लागतं.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी दांडी, म्हणजे नेक. ई-तार पहिल्या पडद्यावर आणि अंगाला दांडी जिथे मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यात ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. कागदाची एक-दोन पानं सरकतील एवढी. जास्त असेल तर दांडी तारांच्या ताणाने पुढे वाकली आहे. ट्रस रॉड (दांडीच्या आत बसवलेली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) असेल तर तो एका वेळी एक अष्टमांश फेराच घट्ट करायचा, पुन्हा सूर लावायचा आणि पुन्हा मोजायचं. अडला तर जोर करू नका, कारण तुटलेला रॉड बदलायचा म्हणजे पडद्यांची पट्टी उचलावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त मॅन्डोलिनांत रॉडच नसतो. तिथे दांडी वाकली असेल तर त्या वाद्यावर आणखी खर्च करू नये.

मग नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावरची फट बघा. तिथे तार जेमतेम सुटलेली असावी, बोटाने टकटक केलं तर बारीक ‘टिक’ ऐकू येईल एवढीच. फट ढळढळीत दिसत असेल तर खाच उथळ आहे. याचा परिणाम नवशिक्याला सहज कळत नाही: मोकळी तार सुरात, पण पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरचे स्वर चढे. कितीतरी जण त्यासाठी स्वतःच्या कानाला दोष देत राहतात. खाच खोल करायला त्या-त्या तारेच्या जाडीची कानस लागते. हे काम कारागिरावर सोडा, कारण जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो.

तिसरी घोडी, म्हणजे तबलीवर तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर बसते. म्हणून तारा एक-एक करूनच बदलायच्या; सगळ्या एकदम काढल्या की घोडी निसटते आणि जागा हरवते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची ई-बाजूला १.५ आणि जी-बाजूला १.८ मिलिमीटरच्या आसपास असावी. घोडीला पितळी चाकं असतील तर ती फिरवून उंची बदलते, मात्र फिरवताना तारा थोड्या सैल करा, नाहीतर चाकांचे आटे झिजतात.

शेवटी घोडीची जागा. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच पडद्यावर दाबलेला स्वर यांची तुलना करा. दाबलेला चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकवा, उतरलेला असेल तर दांडीकडे. एका वेळी अर्धा मिलिमीटर पुरतं. घोडीचे पाय तबलीला सगळीकडून टेकलेत का तेही बघा: कागदाचं टोक पायाखाली शिरत असेल तर तिथून आवाज गळतोय. आणि घोडी दांडीकडे झुकलेली नको. वरच्या पट्टीत तार लावताना ती दर वेळी थोडी पुढे ओढली जाते. लक्ष दिलं नाही तर एक दिवस खाडकन पडते आणि तबलीवर कायमचा वण ठेवते.

‘सॉलिड टॉप’ म्हणजे नेमकं काय, आणि ते इतकं महत्त्वाचं का?

तबली लाकडाच्या अखंड फळीची, बहुधा स्प्रूसची. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. ते मजबूत असतं, पण त्याच कारणाने ताठ आणि जड होतं, आणि तारांचं कंपन त्यातच जिरतं. दुसऱ्या मॅन्डोलिनमध्ये एकाच गोष्टीवर पैसे टाकता येणार असतील तर ते इथे टाका. पाठ आणि बाजू प्लायवुडच्या असल्या तरी सुरुवातीला चालतं, तबली मात्र अखंडच हवी.

ओळखायचं असं: आवाजाच्या भोकाची कड उजेडात धरा. तबलीवरच्या उभ्या रेघा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर अखंड लाकूड. कडेला सँडविचसारखे थर दिसले, किंवा कड मुद्दाम काळ्या रंगाने जाड रंगवलेली असली, तर संशय घ्या. अखंड तबलीतही दोन प्रकार आहेत: जाड फळीतून कोरून काढलेली, आणि वाफ-उष्णतेने दाबून कमान दिलेली. कोरलेली तबली मध्यभागी जाड आणि कडेला पातळ ठेवता येते, म्हणून तिचा आवाज जास्त मोकळा असतो. फक्त ‘सॉलिड’ एवढंच लिहिलं असेल तर कोरलेली की दाबलेली, हे विक्रेत्याला सरळ विचारा.

ए-बॉडी घेऊ की एफ-बॉडी?

ए म्हणजे थेंबासारखं साधं अंग. एफ म्हणजे वरच्या बाजूला शंखासारखी वळी आणि कडेला टोकं असलेलं. १९२२ मध्ये गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एफ-५ आलं, आणि त्यातलं १९२३ चं एक वाद्य बिल मन्रो यांच्या हातात गेल्यावर ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) म्हणजे एफ-बॉडी हे समीकरण पक्कं झालं. देखणं अंग आहे यात वाद नाही. पण ती वळी कोरायला कारागिराचे बरेच तास जातात आणि त्याचे पैसे तुम्ही देता. आतली रचना सारखी असेल तर ए आणि एफ यांच्या आवाजातला फरक फार थोडा असतो. ठरलेल्या बजेटमध्ये ए घेतलंत तर एक पायरी वरचं लाकूड आणि काम मिळतं. मनापासून सांगतो: दुसऱ्या वाद्यासाठी ए घ्या.

अंडाकृती भोक की व्हायोलिनसारखी दोन भोकं?

इथे मात्र आवाजात खरा फरक आहे. दोन एफ-भोकांचं (इंग्रजी f च्या आकाराच्या) वाद्य धारदार, पुढे फेकणारं, तालाच्या ठोक्याला चांगलं. अंडाकृती भोकाचं वाद्य गोल, ऊबदार, स्वर लांबवणारं. भावगीतं, जुनी हिंदी चित्रपटगीतं, संथ ट्रेमोलो हे तुमचं मुख्य काम असेल तर अंडाकृती भोकाचं वाद्य जरूर ऐका. आपल्याकडे लोक एफ-भोकांच्या मागे लागतात आणि हवा तो गोडवा दुसऱ्या प्रकारात होता हे नंतर कळतं. एक अडचण लक्षात ठेवा: जुन्या धाटणीच्या अंडाकृती भोकाच्या वाद्यात दांडी बहुधा बाराव्या पडद्यापाशी अंगाला मिळते, एफ-भोकांच्या वाद्यात पंधराव्यापाशी. तार सप्तकात वर वावरणाऱ्याला हा तीन पडद्यांचा फरक जाणवतो.

घरात आजोबांचं गोल पाठीचं मॅन्डोलिन आहे. त्यावर नव्या तारा लावून तेच वापरू का?

जपून. गोल पाठीच्या, इटालियन धाटणीच्या वाद्याची तबली हलकी असते. आजकालच्या ०.०११ इंचापासून सुरू होणाऱ्या संचाचा एकूण ताण पंच्याहत्तर किलोच्या वर जातो. तो या वाद्यासाठी नाही. त्यावर ०.००९ किंवा ०.०१० पासून सुरू होणारा सगळ्यात हलका संच लावा. त्याआधी तबली भोक आणि घोडीच्या मध्ये खचलेली नाही ना, हे पट्टी ठेवून बघा.

दांडीत काय बघायचं?

नटजवळची रुंदी. नेहमीची २८ ते २९ मिलिमीटर, रुंद घडणीची ३० च्या आसपास. गिटारवरून आलेल्यांना, जाड बोटांच्या लोकांना रुंद दांडी सोयीची. पडद्यांची पट्टी सपाट की किंचित गोलाई असलेली, हा सवयीचा प्रश्न. गोलाईवर कॉर्ड धरणं सोपं, सपाटीवर घसीट (बोट तारेवरून सरकवणं) सोपी.

पडदे बरोबर जागी आहेत का, हे मात्र मोजूनच घ्या, विशेषतः नाव नसलेल्या वाद्यात. नटपासून घोडीपर्यंतच्या लांबीच्या निम्म्यावर बारावा पडदा, तिसऱ्या हिश्शावर सातवा आणि चौथ्या हिश्शावर पाचवा पडतो. नेहमीची लांबी सुमारे ३५२ मिलिमीटर. तिच्यात पाचवा ८८ वर, सातवा ११७ वर आणि बारावा १७६ वर आला पाहिजे. घोडी प्रत्यक्षात या हिशोबापेक्षा एक-दोन मिलिमीटर मागे असते, म्हणून लांबी बाराव्या पडद्याच्या दुपटीने काढा. सातवा पडदा एक मिलिमीटरने जरी चुकला असेल तर पंचम कधीच शुद्ध लागणार नाही, आणि त्यावर कुठलंही सेटिंग नाही.

मला रागसंगीत वाजवायचं आहे. चार जोड्यांचं घेऊ की पाच तारांचं इलेक्ट्रिक?

दोन्ही वाटांनी थोर काम झालेलं आहे. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी जोड्यांच्या मॅन्डोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवले. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्या सोडून एकेरी तारांचं, पुढे पाच तारांचं इलेक्ट्रिक मॅन्डोलिन कर्नाटक संगीतात मान्य करून घेतलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य रुळलेलं होतं. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मॅन्डोलिन वाजवायचे.

अडचण मींडेची, म्हणजे तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची आहे. जोडीतल्या दोन तारा एकाच वेळी सारख्या खेचल्या जात नाहीत, त्यामुळे मींड घेताना दोघींचा सूर फाकतो. तार आखूड आणि ताठ असल्याने ताकदही जास्त लागते. जोड्यांवर वाजवायचं तर मींडेऐवजी घसीट तयार करावी लागते. आलापीच तुमचा जीव असेल तर एकेरी तारांचं इलेक्ट्रिक घ्या. एक चूक टाळा: चुंबकी पिकअपला (तारांचं कंपन विजेच्या रूपात पकडणाऱ्या भागाला) फॉस्फर ब्राँझच्या तारा नीट चालत नाहीत, गुंडाळलेल्या तारा दबक्या आवाजाच्या येतात. निकेलने गुंडाळलेल्या स्टीलच्या तारा घ्या.

सा-प-सा-प लावायचं असेल तर पांढरी पाच हा सोपा षड्ज. जी आणि डी आहेत तशाच राहतात, ए एक पूर्ण स्वर उतरून जी होते आणि ई उतरून डी. या दोन जोड्यांचा ताण साधारण वीस टक्क्यांनी घटतो आणि त्या ढिल्या लागतात. तो भरून काढायला ०.०११ च्या जागी ०.०१२ आणि ०.०१५ च्या जागी ०.०१६ किंवा ०.०१७ ची तार लावा. नटची खाच तेवढी रुंद करून घ्यावी लागेल.

कुठल्या कंपनीचं घ्यावं? बजेट किती ठेवू?

अखंड, कोरलेल्या तबलीच्या कारखानी वाद्यांत ईस्टमन आणि केंटकी ही नावं जगभर घेतली जातात. ईस्टमनचं एमडी-३०५ आणि केंटकीचं केएम-१५० ही दोन्ही ए-बॉडी, एफ-भोकांची वाद्यं दुसऱ्या मॅन्डोलिनसाठी चांगली. परदेशात हा वर्ग साधारण पाचशे ते हजार डॉलरच्या पट्ट्यात येतो. इथे येईपर्यंत वाहतूक आणि कर चढतात. याच्या वर कॉलिंग्ज, वेबर, नॉर्थफिल्डसारखी वाद्यं आहेत. तिथे उडी घेण्याआधी मधल्या वर्गातलं वाद्य दोन-तीन वर्षं वाजवलेलं बरं, म्हणजे आपल्याला रुंद दांडी आवडते की अरुंद, गोल आवाज आवडतो की धारदार, हे कळलेलं असतं.

बजेटचा दहा ते पंधरा टक्के भाग सेटिंग, कडक केस (वाद्याची पेटी) आणि तारांसाठी राखून ठेवा. कारखान्यातून नवं आलेलं वाद्यही बहुधा उंच नट आणि उंच घोडी घेऊनच येतं.

मिरजेत किंवा आपल्या गावातल्या कारागिराकडून बनवून घेता येईल का?

सतार-तंबोऱ्यासाठी मिरजेचं नाव उगाच झालेलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मॅन्डोलिनची विद्या वेगळी आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि सरकवून सुरात आणता येतात. मॅन्डोलिनचे ठोकून पक्के बसवलेले असतात, तिथे चूक कायमची. सतारीच्या घोडीवर जवारी काढतात (माथा हलक्या उताराने घासून झणझणाट आणतात), मॅन्डोलिनच्या घोडीवर जवारी नको. तार घोडीच्या एका टोकदार कडेवर टेकून सुटली पाहिजे, नाहीतर स्वर झणझणतो. ज्याने पूर्वी गिटार किंवा मॅन्डोलिन बनवलंय आणि जो ट्रस रॉड बसवतो, अशाकडेच काम द्या. त्याचं आधीचं एखादं वाद्य पाच वर्षांनी कसं आहे ते हातात घेऊन बघा. कागदावर लिहून द्यायच्या गोष्टी: तारेची लांबी, नटची रुंदी, तबलीचं लाकूड, रॉड एकतर्फी की दुतर्फी (दांडी एकाच दिशेने की दोन्ही दिशांनी वळवणारा), खुंट्यांची कंपनी. लाकूड किती वर्षं वाळवलेलं आहे हेही विचारा. ओल्या लाकडाचं वाद्य पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं.

जुनं, वापरलेलं वाद्य घ्यायचं तर काय तपासू?

डोळा टेलपीसकडे ठेवून दांडीवरून बंदुकीसारखी नजर टाका. दोन्ही कडा सरळ आणि एकाच पातळीत दिसायला हव्यात. पीळ पडलेली दांडी दिसली तर वाद्य परत द्या. पीळ काढणं वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतं. दांडीच्या टाचेपाशी, अंगाशी जिथे सांधा आहे तिथे नख फिरवा. केसाएवढी फट लागली तर सांधा सुटतोय.

तबलीवर घोडीच्या पायाखाली आणि भोकाच्या आसपास खड्डा आहे का बघा. कमानदार तबलीत एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेलेली असेल तर तबलीला आतून आधार देणारी पट्टी सुटलेली असण्याची शक्यता आहे. तबलीवर बोटाच्या पेराने हलके टकटक करत जा. कुठे खरखर वाजली तर तिथलीच पट्टी सैल. मोबाइलचा दिवा एका भोकात आणि छोटा आरसा दुसऱ्यात धरला तर ती दिसते. नुसती सुटलेली पट्टी चिकटवता येते, खचलेली तबली पूर्ववत होत नाही.

पडद्यांसाठी जुनं बँकेचं कार्ड घ्या. त्याची सरळ कड एका वेळी तीन पडद्यांवर ठेवून डुलवा. डुललं तर मधला पडदा उंच आहे आणि त्याच्या आधीच्या पडद्यावर तार खरखरेल. तारांखाली पहिल्या पाच पडद्यांवर खड्डे पडलेले असतात. उथळ असतील तर घासून समान करता येतात. पडद्याची अर्धी उंची गेली असेल तर नवे बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

खुंट्या चार-चारच्या पट्टीत येतात. एक खराब असली तरी पूर्ण पट्टी बदलावी लागते. बदलण्याआधी खांबांमधलं अंतर आणि फिरवायचा पेच दातेरी चाकाच्या वर आहे की खाली, हे जुळवून घ्या. न जुळणारी पट्टी बसवली तर पहिल्या काही महिन्यांत दाते झिजतात. टेलपीसचं झाकण खडखडत असेल तर घाबरू नका, आत चामड्याची किंवा फोमची पातळ पट्टी घातली की थांबतं. घोडी आणि टेलपीसमधल्या तारा स्वतःच गुणगुणत असतील तर तिथे रबराची छोटी कडी अडकवतात.

दुकानात ऐकून पाहताना काय करू?

आपला प्लेक्ट्रम घेऊन जा. ओळखीचंच एक संथ गाणं आणि एक जलद तान तीन-चार वाद्यांवर तशीच्या तशी वाजवा. मग वाद्य दुसऱ्याच्या हातात देऊन तीन मीटर समोर उभे राहा, कारण मॅन्डोलिनचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाकडे नाही, पुढे जातो. एकट्या जी-तारेचा स्वर ऐका. तिथे भरीवपणा नसेल तर बाकी चमक फसवी आहे.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवलं तर?

अमेरिका, आखातातून येताना मॅन्डोलिन आणायला सांगणारी मराठी घरं बरीच आहेत. केस साधारण पाऊण मीटर लांब असते आणि बहुतेक विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ५५ सेंटिमीटर आहे, म्हणून तिकीट काढतानाच वाद्य केबिनमध्ये नेण्याची लेखी परवानगी घ्या. सामानात टाकावंच लागलं तर तारा पूर्ण सैल करू नका, घोडी पडेल. एक-दीड स्वर उतरवा आणि टेलपीसखाली व घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड खुपसा. डोक्याकडचा भाग केसमध्ये टांगता राहू देऊ नका. तिथे आधार नसेल तर दांडी नटपाशी मोडते.

कर वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा अशा एकूण रकमेवर लागतो. दर बदलतात, मागवण्याआधी त्या दिवशीचे बघा. बिल जवळ ठेवा. रोझवुडच्या डालबर्गिया वंशातल्या लाकडावर २०१७ पासून परवान्याची अट आली होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवुडला नाही. काही जुन्या इटालियन वाद्यांवर खऱ्या कासवाच्या कवचाची पट्टी असते. असलं वाद्य सीमेवर अडकू शकतं.

पावसाळ्यात तारा उंच होतात, उन्हाळ्यात खरखरतात. वाद्य खराब आहे का?

नाही, उलट तबली अखंड असल्याचं ते लक्षण आहे. प्लायवुडला हवामानाचा फरक कमी पडतो; अखंड लाकूड पाणी पितं आणि सोडतं. वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैत ती ऐंशीच्या वर असते. तबली फुगून वर येते, घोडीही वर येते, बाराव्या पडद्यावर तार वाढते. घोडीची चाकं पाव फेरा खाली घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा वर. केसमध्ये पन्नास ग्रॅमची सिलिका जेलची पुडी ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी वाळवायचे ते कळतं. खुल्या भिंतीवर टांगलेलं वाद्य दिसायला छान, पण जून ते सप्टेंबर ते केसमध्येच बरं.

विदर्भातला मे महिना याच्या उलट. नागपूर-अकोल्यात कोरड्या हवेने तबली आकसते, पडद्यांची टोकं दांडीच्या कडेबाहेर येऊन बोटाला टोचतात आणि वाईट झालं तर तबलीला रेघेसारखी चीर पडते. त्यात कूलर. कूलरच्या खोलीत हवा ओली असते, कूलर बंद झाला की काही तासांत कोरडी होते. हा रोजचा झोका लाकडाला एकाच कोरड्या दिवसापेक्षा जास्त छळतो. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नका. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळून घेतलेला स्पंज ठेवा आणि ती डबी केसमध्ये डोक्याच्या बाजूला, लाकडाला न टेकता. स्पंजमधून थेंब गळता कामा नये. केसमध्ये दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका आणि तो चाळीसच्या खाली गेला की स्पंज ओला करा.

कार्यक्रमात माइकवर वाजवायचं आहे. पिकअप बसवू का?

भावगीतांच्या छोट्या कार्यक्रमाला अंगावर क्लिप होणारा कंडेन्सर माइक सगळ्यात खरा आवाज देतो. ऑर्केस्ट्रात ढोलकी-कीबोर्डशेजारी तो शिट्टी मारतो. तिथे घोडीतला किंवा तबलीच्या आत चिकटवलेला पिझो पिकअप (लाकडाचं कंपन पकडणारा) घ्या. पिझोचा आवाज थेट मिक्सरला दिला तर कागदासारखा पातळ येतो. मध्ये १ मेगओहम इनपुटचा प्रीअ‍ॅम्प (पिकअपचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) हवा.

तारा कधी बदलायच्या?

रोज तासभर वाजवत असाल तर दीड-दोन महिन्यांनी. किनारपट्टीवर आधी, कारण साध्या स्टीलच्या ई आणि ए तारा खारट हवेत गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा खालूनही पुसा.

मॅन्डोलिनऐवजी मॅन्डोला घेऊ का?

दुसरं वाद्य म्हणून नको. मॅन्डोला सी-जी-डी-ए लागतो आणि पडदे लांब असतात, म्हणजे बोटांचं अंतर पुन्हा शिकावं लागतं. ते तिसरं वाद्य म्हणून.

नवं आल्यावर जुनं विकू का?

सहा महिने थांबा. अखंड तबलीचं नवं वाद्य वाजवून-वाजवून मोकळं होतं आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या घोडीला, नटला एक-दोनदा हात लावावा लागतो. त्या दिवसांत जुनं उपयोगी पडतं. पावसात रेल्वेने कार्यक्रमाला जाताना, गणपतीत मंडपात वाजवताना प्लायवुडचंच वाद्य नेणं शहाणपणाचं. विकायचंच ठरलं तर नव्या तारा लावून, घोडी जागेवर आणून, बाराव्या पडद्यावरची उंची मोजून तो आकडा जाहिरातीत लिहा. जो शिकणारा ते घेईल त्याला पहिल्या दिवसापासून सुरात वाद्य मिळेल.